खुलताबादचा रिकामा मकबरा आणि शंभर वर्षांपूर्वीचे दोन तह

श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगर शहरातून रात्रभर चालत माणसं खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला येतात. उरुसाच्या दिवसांत दर्ग्यांवर गर्दी होते. एरवी वेरूळहून परतणाऱ्या गाड्या औरंगजेबाच्या कबरीपाशी दहा-पंधरा मिनिटं थांबतात आणि निघून जातात. गावाबाहेरच्या एका मकबऱ्याकडं मात्र फारसं कुणी वळत नाही. त्यात कुणाला पुरलेलंच नाही.

हा मकबरा अब्दुलमजीद एफेंदी यांच्यासाठी बांधला होता. ते तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) घराण्यातले शेवटचे खलिफा, म्हणजे मुसलमान जगाचे धर्मप्रमुख मानले जाणारे. जन्म इस्तंबूलचा, मृत्यू १९४४ मध्ये पॅरिसला, आणि मकबऱ्याचा पैसा हैदराबादच्या निजामाचा. बॉस्फरसच्या काठी वाढलेल्या माणसाची शेवटची जागा देवगिरीच्या डोंगरात का ठरावी? मला हा प्रश्न पहिल्यांदा एका नववीतल्या मुलानं विचारला, आणि त्याला उत्तर देता देता दोन तास गेले. कारण उत्तर सुरू होतं पहिल्या महायुद्धापासून, आणि त्यानंतरच्या दोन तहांपासून. एक सेव्हर्सचा, १९२० चा. दुसरा लोझानचा, १९२३ चा. दोन्ही एकाच हरलेल्या देशाशी झाले. पहिला तीन वर्षांत रद्दीत गेला. दुसरा शंभर वर्षं उलटून गेल्यावर अजून लागू आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी व्हर्सायचा तह पाठ केला: जर्मनीवर अपमानकारक अटी लादल्या, म्हणून दुसरं महायुद्ध झालं. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. पण तह म्हणजे काय, तो टिकतो कशानं आणि मोडतो कशानं, हे त्या एका ओळीतून कळत नाही. ते सेव्हर्स आणि लोझान शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

सही, मान्यता आणि ताबा

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. बंदुका थांबतात ती शस्त्रसंधी. भांडणाऱ्या दोघांना मधे पडून बाजूला करावं, तसं ते असतं. भांडण मिटलेलं नसतं, हात थांबलेले असतात. तह त्यानंतर येतो. हद्द कुठून जाणार, भरपाई कोण देणार, कैदी कधी सुटणार, हरलेल्यानं किती फौज ठेवायची, जुनं कर्ज कुणाच्या डोक्यावर, हे सगळं तहाच्या कलमांत लिहिलं जातं.

आणि तिसरी पायरी असते मान्यतेची. परदेशात जाऊन प्रतिनिधीनं सही केली तरी त्याच्या देशाची संसद किंवा राजा ती मान्य करतो तेव्हाच तह लागू होतो. ज्यानं शेतजमिनीचा व्यवहार केला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे काम संपत नाही. तलाठ्याकडं फेरफार धरावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो, मग सातबाऱ्यावर नाव चढतं. आणि नाव चढलं तरी त्या शेतात औत कुणाचं चालतंय हा प्रश्न उरतोच. कागद एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा, अशी प्रकरणं प्रत्येक गावात दोन-चार तरी असतात. सेव्हर्सचा तह नेमका तसाच होता.

पॅरिसमधली वाटणी

युद्ध १९१४ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स, रशिया, पुढं इटली आणि अमेरिका. दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, बल्गेरिया आणि उस्मानी तुर्कस्तान. ११ नोव्हेंबर १९१८ ला जर्मनीशी शस्त्रसंधी झाली, आणि १८ जानेवारी १९१९ ला पॅरिसमध्ये शांतता परिषद भरली. हरलेल्यांना चर्चेला बोलावलंच नव्हतं. अमेरिकेचे विल्सन, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे क्लेमांसो आणि इटलीचे ओर्लांदो यांनी बसून ठरवायचं, आणि हरलेल्यांनी येऊन सही करायची, अशी रीत.

यातून एक नव्हे, पाच तह निघाले. जर्मनीशी व्हर्साय, ऑस्ट्रियाशी सां-जर्मां, बल्गेरियाशी नॉयी, हंगेरीशी त्रियानों आणि तुर्कस्तानशी सेव्हर्स. त्रियानोंच्या तहात हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख गेला. ते दुःख तिथं आजही जिवंत आहे.

व्हर्सायवर २८ जून १९१९ ला सह्या झाल्या. पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला होता आणि वणवा पेटला होता. भारताच्या वतीनं दोन सह्या होत्या, भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. जर्मनीचा सुमारे १३ टक्के मुलूख गेला, फौज १ लाखावर आली, युद्धाची जबाबदारी २३१ व्या कलमात तिच्यावर टाकली गेली आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला.

हा तह क्रूर होता म्हणून हिटलर आला, हे विधान मला अपुरं वाटतं. आकडे बघा. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला संसदेत फक्त १२ जागा होत्या. तहाला तोवर नऊ वर्षं झाली होती आणि भरपाईचे हप्ते वाटाघाटीनं हलके होत होते. १९२९ ची महामंदी आली, माणसं बेकार झाली, आणि १९३० मध्ये त्याच पक्षाच्या १०७ जागा झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. तहानं जखम केली होती हे खरं. पण ती चिघळली मंदीनं, आणि तह राबवायला ज्यांनी उभं राहायला हवं होतं ते घरचेच लोक पांगले म्हणून. ज्या अमेरिकेच्या अध्यक्षानं ही सगळी घडी बसवली, तिच्या सिनेटनं तहाला मान्यताच दिली नाही. इथं सही होती, पण घरचा फेरफार नामंजूर झाला.

आता आपल्या मूळ गोष्टीकडं.

सेव्हर्स: कागद झाला, ताबा नव्हता

तुर्कस्तानची लढाई आपल्या लोकांपासून लांब नव्हती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या बाजूनं लढणारे बहुतांश सैनिक हिंदुस्थानी होते, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा इथं तुर्कांनी जिला वेढलं ती सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जायची. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपत आलं, शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. कैदेत वाळवंटातून चालत नेताना त्यातले हजारो मेले.

निजामाचं राज्यही यात होतं. मीर उस्मान अली खान यांनी १९१४ मध्ये मुसलमानांना ब्रिटिशांशी निष्ठा ठेवायचं आवाहन केलं, जेव्हा समोर खलिफाचंच तुर्कस्तान उभं होतं. हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीतल्या तीन मूर्ती स्मारकातल्या सैनिकांच्या पुतळ्यांपैकी एक त्यांचा. युद्ध संपताना ब्रिटिशांनी निजामाला ‘विश्वासू मित्र’ असा किताब दिला. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तुर्कस्ताननं ३० ऑक्टोबर १९१८ ला मुद्रोसच्या बंदरात एका ब्रिटिश युद्धनौकेवर शस्त्रसंधी केली. तह मात्र पावणेदोन वर्षांनी झाला, १० ऑगस्ट १९२० ला, पॅरिसजवळच्या सेव्हर्स गावात, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या दालनात. अटी व्हर्सायपेक्षा कितीतरी कडक होत्या. अरब मुलूख गेला: सीरिया फ्रान्सच्या देखरेखीखाली, इराक आणि पॅलेस्टाइन ब्रिटनच्या. पूर्व थ्रेस, म्हणजे तुर्कस्तानचा युरोपातला मुलूख, ग्रीसला. स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, पाच वर्षं ग्रीसच्या कारभाराखाली आणि मग लोकमत. पूर्वेला स्वतंत्र आर्मेनिया. कुर्दांना स्वायत्तता आणि पुढं स्वातंत्र्याची वाट. काळ्या समुद्राकडं जाणाऱ्या सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडं. फौज ५० हजारांवर. आणि देशाच्या जमाखर्चावरही परक्यांचा हात.

याच लॉइड जॉर्जनी जानेवारी १९१८ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की तुर्कांची राजधानी, आशिया मायनर आणि थ्रेस हिरावण्यासाठी आम्ही लढत नाही. त्या शब्दावर विश्वास ठेवलेल्या हिंदी मुसलमानांना सेव्हर्सची कलमं वाचून काय वाटलं असेल? खिलाफत चळवळ त्या रागातून वाढली. अली बंधू पुढं होते, गांधीजी सोबत होते, आणि असहकाराच्या मागण्यांत पंजाबच्या अत्याचारांच्या बरोबरीनं तुर्कस्तानच्या तहाचा विषय होता. दूरच्या एका कारखान्यात लिहिलेला कागद आपल्याकडच्या बाजारपेठांत हरताळ घडवत होता.

सुलतानाच्या प्रतिनिधींनी सेव्हर्सवर सह्या केल्या. पण तोवर तुर्कस्तानात ताबा दुसऱ्याचा होता. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नात उतरलं, आणि चारच दिवसांनी मुस्तफा कमाल हा सेनापती काळ्या समुद्रावरच्या सामसून बंदरात उतरला. सुलतानानं त्याला पाठवलं होतं शिल्लक फौज विसर्जित करायला. त्यानं ती गोळा केली. एप्रिल १९२० मध्ये अंकाराला स्वतःची राष्ट्रसभा भरवली. म्हणजे सेव्हर्सवर सह्या होण्याच्या साडेतीन महिने आधीच देशात दोन सरकारं होती. सही केलेल्या सरकारची सत्ता इस्तंबूलच्या वेशीपाशी संपत होती, आणि ज्याच्या हातात देश होता त्या सभेनं सही करणाऱ्यांना देशद्रोही ठरवलं. तहाला मान्यता कधी मिळालीच नाही.

आपल्याकडं यापेक्षा जुना धडा आहे, आणि तो मराठवाड्याच्याच मातीतला आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि तहात साठ लाखांच्या घरातल्या उत्पन्नाचा मुलूख घेतला, दौलताबादचा किल्लाही घेतला. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. ज्या फौजेच्या धाकानं उदगीरचा तह झाला होता ती फौजच उरली नाही, आणि त्याच वर्षी निजाम पुण्याच्या रोखानं निघाला. १७६३ मध्ये त्याच्या सैन्यानं पुणं लुटलं, जाळलं. ऑगस्टमध्ये गेवराईजवळ गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा पुन्हा नवा तह. सहीच्या दिवशी तराजूच्या पारड्यांत जेवढं वजन असतं तेवढंच तहात उतरतं. वजन बदललं की कागदाला पुन्हा हात लागतो.

१९२० ते १९२२ या काळात तुर्कस्तानचं पारडं असंच बदललं. दमलेल्या फ्रान्सनं आणि इटलीनं अंकाराशी परस्पर समझोते केले. नवं सोव्हिएत रशिया कमालला पैसा आणि शस्त्रं देत होतं. ब्रिटनची जनता आणखी एका लढाईला तयार नव्हती. मैदानात राहिला फक्त ग्रीस, आणि तो अंकाराच्या दिशेनं आत आत जात राहिला. १९२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साकार्या नदीकाठी तीन आठवडे लढाई होऊन त्याची चाल थांबली. ऑगस्ट १९२२ मध्ये कमालनं प्रतिहल्ला केला आणि ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ स्मिर्नात शिरलं. चार दिवसांनी शहराला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या राख झाल्या, लाखो माणसं बंदराच्या धक्क्यावर अडकली, मागं आग आणि पुढं समुद्र. बंदरात दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका उभ्या होत्या, आणि सुरुवातीचे दिवस त्यांना तटस्थ राहण्याचे हुकूम होते. जे सेव्हर्सच्या दालनात एका कलमात लिहिलं होतं, त्याची किंमत या धक्क्यावरच्या माणसांनी भरली.

लोझान: समोरासमोर बसून

आपल्याकडं म्हणतात, लढाईत जिंकलं आणि तहात हरलं. तुर्कस्तानच्या बाबतीत हे उलटं झालं. महायुद्ध हरलेल्या पाच देशांपैकी हा एकटा असा, ज्यानं आपला तह फाडला आणि विजेत्यांना पुन्हा टेबलापाशी आणून बसवलं.

२० नोव्हेंबर १९२२ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला परिषद सुरू झाली. ब्रिटनच्या वतीनं आले परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन. हो, तेच, बंगालची फाळणी करणारे आपले माजी व्हाइसरॉय. आपल्या भागाशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. १९०२ मध्ये त्यांनीच हैदराबादला येऊन निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं ब्रिटिशांकडं घेतला होता. समोरचा माणूस एकटा, दबलेला आणि आपल्या उपकाराखाली असला की करार कसा होतो, हे कर्झनना चांगलं ठाऊक होतं.

लोझानला समोर होते इस्मत पाशा. सेनापती, वाटाघाटींचा अनुभव बेताचा, आणि कानानं अधू. कर्झन तासभर भाषण करायचे, इस्मत ते नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगायला लावायचे, आणि मग अंकाराला विचारून उत्तर देतो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात. ब्रिटिश अंकाराच्या तारा मधेच पकडून वाचत होते, तरी त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण इस्मत पाशांची हटून बसायची जागा ठरलेली होती: देशाच्या सार्वभौमत्वावर परक्याची एकही खूण नको.

त्यातला सगळ्यात चिवट मुद्दा होता परकीयांच्या खास सवलतींचा. कित्येक शतकांपासून उस्मानी राज्यात युरोपीय माणसावर तिथल्या न्यायालयात खटला चालत नसे, करांतही त्याला सूट असे. निजामाच्या हैदराबादेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या ठाण्याच्या, बाजारात निजामाचा कायदा चालत नव्हता, हे ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असेल त्यांना ही ठसठस कळेल. आपल्याच गावात आपलाच कोतवाल आत जाऊ शकत नाही असा तो प्रकार. याच मुद्द्यावर फेब्रुवारी १९२३ मध्ये परिषद मोडली, कर्झन गाडीत बसून निघून गेले. एप्रिलमध्ये पुन्हा भरली, आणि २४ जुलै १९२३ ला सह्या झाल्या.

सेव्हर्समध्ये ४३३ कलमं होती, लोझानमध्ये १४३. सवलती रद्द. भरपाई नाही. फौजेवर मर्यादा नाही. पूर्व थ्रेस आणि स्मिर्ना तुर्कस्तानकडं. त्या बदल्यात अरब मुलूख, इजिप्त, सायप्रस यांच्यावरचा हक्क तुर्कस्ताननं सोडला. जे खरोखर हातातून गेलं होतं ते गेल्याचं मान्य केलं, जे ताब्यात होतं ते नावावर करून घेतलं. मोसुलवर एकमत होईना, तो वाद राष्ट्रसंघावर सोडला आणि १९२६ मध्ये तो प्रांत इराकला गेला. सामुद्रधुन्यांचा अधिकार तुर्कस्ताननं १९३६ मध्ये दुसऱ्या कराराने, बोलणी करूनच, परत मिळवला. जुनं उस्मानी कर्ज माफ झालं नाही. ते साम्राज्यातून निघालेल्या देशांत वाटलं गेलं, आणि तुर्कस्ताननं आपला वाटा फेडत फेडत शेवटचा हप्ता १९५४ मध्ये भरला.

माझ्या मते लोझान टिकला त्याचं मोठं कारण हे आहे की ज्या सरकारनं सही केली, मान्यताही त्याच सरकारची होती आणि ताबाही. तिन्ही एका हातात होतं. मुलाला मी एवढंच सांगून थांबलो असतो तर ते सोपं झालं असतं. पण मग मी त्याला अर्धंच सांगितलं असतं.

टेबलावर जे नव्हते

सेव्हर्समध्ये आर्मेनिया होता. लोझानच्या तहात आर्मेनिया हा शब्दच नाही. १९१५ पासून उस्मानी राजवटीत आर्मेनियन लोकांच्या ज्या सामूहिक कत्तली झाल्या, त्यांचा जाब तर सोडाच, तहाला जोडलेल्या घोषणेनं १९१४ ते १९२२ या काळातल्या राजकीय गुन्ह्यांना सार्वत्रिक माफी दिली. कुर्दांची कलमंही गेली. तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया या चार देशांत वाटलेला तो समाज आजही बातम्यांत दिसतो, त्याचं एक मूळ इथं आहे.

आणि मग लोकसंख्येची अदलाबदल. ३० जानेवारी १९२३ ला लोझानलाच ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार केला की तुर्कस्तानातले सनातनी (ऑर्थोडॉक्स) ख्रिस्ती ग्रीसला जातील आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. इच्छेचा प्रश्न नाही, सक्तीनं. परत यायला बंदी. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधले मुसलमान तेवढे वगळले. सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमान यात मोजले गेले. ख्रिस्त्यांतले बरेच जण आधीच जीव घेऊन पळाले होते, करारानं त्यांची परतीची वाट बंद केली.

कसोटी होती फक्त धर्म. भाषा बघितली नाही. अनातोलियाच्या, म्हणजे आशिया मायनरच्या, आतल्या गावांत असे ख्रिस्ती होते ज्यांची मायबोली तुर्की होती आणि ग्रीक येत नव्हती. क्रीट बेटावर असे मुसलमान होते जे पिढ्यानपिढ्या ग्रीक बोलत. बीड-परभणीकडच्या खेड्यांत घरात मराठी बोलणारी मुसलमान कुटुंबं आहेत. पेरणी, पोळा, वारी, सगळं गावाबरोबर. अशा कुटुंबाला कुणी कागद दाखवून सांगावं की तुमचा देश दुसरा, भाषा दुसरी, आठ दिवसांत निघा. लोझाननं पंधरा लाखांवर माणसांना हे सांगितलं. कर्झननी स्वतः हा उपाय अत्यंत वाईट असल्याचं आणि जगाला त्याची शिक्षा शंभर वर्षं भोगावी लागेल असं म्हटलं होतं, आणि तरी त्यांच्याच अध्यक्षतेत तो झाला. पुढं कितीतरी राज्यकर्त्यांनी हे उदाहरण ‘यशस्वी’ म्हणून पुढं केलं. १९४७ ला पंजाबात जे घडलं ते कुठल्या करारानं घडलं नव्हतं, पण माणसं धर्मानुसार वेगळी केली की शांतता येते, ही कल्पना तोवर जगात मुरली होती. मला लोझानबद्दल बोलताना याच ठिकाणी आवाज आवरावा लागतो.

खलिफा कुठं गेले

लोझानची परिषद ठरली तेव्हा दोस्तांनी अंकारा आणि सुलतान, दोघांनाही आमंत्रण दिलं. दोन तोंडांनी बोलणारा देश टेबलावर हरतो हे कमालला माहीत होतं. म्हणून १ नोव्हेंबर १९२२ ला राष्ट्रसभेनं सुलतानपदच रद्द केलं. शेवटचा सुलतान ब्रिटिश युद्धनौकेतून देश सोडून गेला. त्याच महिन्यात सभेनं त्याच्या चुलतभावाला, अब्दुलमजीद यांना, खलिफा निवडलं. राज्य नाही, फौज नाही, फक्त धार्मिक पद. ते चित्रकार होते, पियानो आणि व्हायोलिन वाजवत, त्यांची चित्रं आजही इस्तंबूलमध्ये बघता येतात.

ऑक्टोबर १९२३ मध्ये प्रजासत्ताक झालं. आता खलिफापद किती दिवस ठेवायचं, हा प्रश्न होता, आणि त्याला धक्का लागला तो हिंदुस्थानातल्या खलिफाप्रेमी नेत्यांच्या हातून. आगाखान आणि अमीर अली यांनी १९२३ च्या अखेरीस तुर्की सरकारला पत्र लिहिलं की खलिफाचा मान राखा. ते इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. परक्या देशातून, तेही ब्रिटिशांच्या जवळच्या माणसांनी, आमच्या घरात बोट घालावं, याचा अंकारात संताप झाला. ३ मार्च १९२४ ला खलिफापद रद्द झालं. त्याच रात्री अब्दुलमजीद यांना कुटुंबासह मोटारीनं शहराबाहेरच्या स्टेशनवर नेऊन युरोपच्या गाडीत बसवलं. इथं ज्यांनी खिलाफतीसाठी तुरुंग भोगला होता त्यांच्या पायाखालची जमीन तुर्कांनीच काढून घेतली.

फ्रान्समधल्या नीसला राहणाऱ्या या कुटुंबाला पोसलं कुणी? युद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या निजामानं. मीर उस्मान अली खान यांनी त्यांना महिना ३०० पौंड चालू केले. (आजच्या धाराशिवचं उस्मानाबाद हे जुनं नाव या निजामाचं, तुर्कांच्या उस्मानाचं नव्हे. ही गल्लत पुष्कळदा होते.) निजामाच्या राज्याच्या उत्पन्नात तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या आपल्या पाच जिल्ह्यांचा शेतसाराही होता.

१२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्ये खलिफांची मुलगी दुर्रूशेहवार हिचं निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाह यांच्याशी, लग्न झालं. त्याच दिवशी घराण्यातल्याच निलोफर हिचं धाकट्या मुलाशी. हे संबंध जुळवण्यात खिलाफत चळवळीतले शौकत अली होते. उस्मानी घराण्याचं रक्त आणि हिंदुस्थानातलं सगळ्यात श्रीमंत संस्थान एकत्र आलं, आणि ब्रिटिश अधिकारी ते सावधपणे बघत होते.

आता खुलताबादचं कोडं सुटतं. निजामांच्या घराण्याचा मूळपुरुष, पहिला आसफजाह, खुलताबादलाच बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पुरलेला आहे. सूफी संतांच्या सहवासात चिरनिद्रा मिळावी म्हणून राजेराजवाडे इथं जागा मागत आले. व्याह्याच्या नात्यानं निजामानं खलिफांसाठीही हीच भूमी निवडली.

अब्दुलमजीद २३ ऑगस्ट १९४४ ला पॅरिसमध्ये वारले, जर्मनांच्या ताब्यातून ते शहर सुटत होतं त्याच आठवड्यात. तुर्कस्ताननं त्यांना आपल्या मातीत जागा द्यायला नकार दिला. देह पॅरिसच्या मशिदीत ठेवला गेला, एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ दहा वर्षं. मधल्या काळात सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्यच संपलं आणि मराठवाडा भारतात आला. शेवटी मार्च १९५४ मध्ये त्यांना मदिनेत दफन केलं. दोन महिन्यांनी तुर्कस्ताननं उस्मानी कर्जाचा शेवटचा हप्ता भरला.

दुर्रूशेहवार यांचा मुलगा मुकर्रम जाह नीसलाच जन्मला होता. १९६७ मध्ये आजोबा उस्मान अली यांच्यानंतर निजामाची गादी, जेवढी उरली होती तेवढी, त्यांच्याकडं आली. जानेवारी २०२३ मध्ये ते इस्तंबूलला वारले, आणि त्यांचा देह विमानानं हैदराबादला आणून मक्का मशिदीत आसफजाही कबरींशेजारी पुरला.